बंडलावरचा मिशीवाला

मी मिशीवाला बोलतोय. नाव ऐकून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, तर तुम्ही दोन हजार सालानंतर जन्मलेले असणार. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. नांदेड-लातूरकडचा असेल तर तो लगेच मान हलवेल, "हाव, मिशीवाला छाप बिडी! लाल फेटा, ह्या एवढाल्या मिशा, अन् हातात बिडी." तोच मी. बिडीच्या बंडलाला गुंडाळायच्या कागदावर छापलेलं एक चित्र.

चित्राला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणू नका. ज्या काळात या भागातल्या लोकांना आपला आमदारही धड ओळखता येत नव्हता, त्या काळात माझा चेहरा शेंबड्या पोरालाही पाठ होता. मला त्याचा फार ताठा होता. आता जे सांगायचं आहे ते फुशारकीचं नाही. पण सवय जुनी आहे, मधूनमधून फुशारकी येईल, तेवढी सांभाळून घ्या.

माझा जन्म देवणीचा, साल ब्याऐंशी. नांदेडात तेव्हा बिड्यांचा एक कारखाना होता. त्याच्या मालकाला सगळे नुसते शेठ म्हणत. त्यांच्या बिडीवर कंदिलाचं चित्र होतं आणि त्या कंदिलाकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. म्हणून शेठनी मोहियोद्दीन पेंटरला बोलावून घेतलं. दुकानाच्या पाट्यांपासून सिनेमाच्या बॅनरपर्यंत सगळं रंगवणारा, पस्तिशीतला कसबी माणूस. शेठ त्याला म्हणाले, "असा गडी काढा, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्याच्याएवढा सुखी माणूस जगात नाही."

मोहियोद्दीननं महिनाभर नांदेड पालथं घातलं. सुखी माणूस सापडला नाही. मग जनावरांच्या प्रदर्शनाची कमान रंगवायला तो देवणीला गेला, आणि तिथे मैदानात किशनराव उभे होते. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातले शेतकरी, वय तिशीचं, डोक्याला लाल फेटा. त्यांच्या बैलाला त्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि बैलाच्या पाठीवर हात टाकून ते उगीचच हसत होते.

"तुमचं चित्र काढू का?" मोहियोद्दीननं विचारलं.

"माझं? बैलाचं काढा की. बक्षीस त्यानं मिळवलंय."

"त्याचंही काढतो. पण आधी तुमचं."

"काढा. पण कासरा हातात ऱ्हाऊ द्या. रिकाम्या हातानं बसायला मला जमत न्हाई."

कासरा हातातच राहील, असा मोहियोद्दीननं शब्द दिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून किशनराव एका भाड्याच्या खोलीत बाजेवर बसले आणि मोहियोद्दीननं मला काढलं. फेटा, मिशा, ते हसू आणि मुठीत बैलाचा कासरा. बिडीचा कुठे पत्ता नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हे लक्षात ठेवणारं कुणी उरलं नाही.

किशनरावांना त्याबद्दल एक नवा फेटा मिळाला. चित्र कशासाठी हवंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मोहियोद्दीननं सांगितलं नाही.

नांदेडला शेठनी मला उजेडात धरलं. चेहऱ्यावर खूश झाले. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे काय दोरखंड? आपल्याला दोर विकायचाय की बिडी?"

मोहियोद्दीन थोडा घुटमळला. त्यानं शब्द दिला होता. पण शेठचं काम मोठं होतं, वर्षभराच्या भिंती आणि पाट्या त्यात होत्या. त्यानं कासऱ्यावर रंग चढवला आणि माझ्या दोन बोटांत बिडी दिली. तिच्या टोकाला एक लाल ठिपका आणि त्यावर धुराची बारीक रेघ. पाच मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर मला ती बिडी आवडली. कासरा धरणारे गावोगाव असतात. बिडीनं माझ्यात रुबाब आला.

त्यानंतरचं दशक माझं होतं. पानटपरीवर मी, एसटी स्टँडच्या भिंतीवर मी, तंबूतल्या सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर मी. बिलोलीकडच्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, त्यांच्या पोरी बंडलांवर खळीनं मला चिकटवायच्या. जत्रेत तर माझी वेगळीच ऐट. एक उंच माणूस बांबूच्या पायांवर चढून, काथ्याच्या मिशा लावून, मिशीवाला म्हणून जीपच्या पुढे नाचायचा. त्याच्या शेजारी नऊवारी नेसलेला एक बाप्या त्याची बायको म्हणून मुरकायचा. दोघं मूठ मूठ बिड्या गर्दीत उधळायचे आणि मोठी माणसं त्या वेचायला वाकायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी एक तरी पोरगं काजळाच्या मिशा काढून, खडू ओठांत धरून माझी नक्कल करायचं आणि हेडमास्तरही हसायचे. कुणी जरा तोऱ्यात चालला की लोक म्हणायचे, "लई मिशीवाला झालास की!"

मला यात काही वावगं दिसत नव्हतं. मी जिथे जिथे छापला गेलो, तिथे तिथे मला डोळे होते. मी सगळं बघत होतो. टपरीवरच्या खोकणाऱ्या माणसालाही बघत होतो. पण तो खोकून झाल्यावर पुन्हा माझ्याच चेहऱ्याकडे बोट दाखवायचा, आणि माझी छाती फुगायची.

एक माणूस मात्र माझ्यामुळे हैराण झाला होता. किशनराव.

ते बिडी ओढत नव्हते. तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. त्यांच्या गावातल्या किराणा दुकानावर माझ्या जाहिरातीचा पत्रा लागला, तेव्हा त्यांना कळलं आपण कुठे जाऊन बसलोय. बाजारात ओळखीचा नसलेला माणूसही त्यांच्यापुढे बिडी धरायचा. नको म्हटलं की ऐकवायचा, "फोटोत वढता अन् आम्हालाच न्हाई म्हणता व्हय?" पाहुण्यांत थट्टा, लग्नात थट्टा. दोन-तीन वर्षं त्यांनी सोसलं. मग एक दिवस ते एसटीत बसून नांदेडला आले आणि थेट कारखान्यात शेठसमोर उभे राहिले. मोहियोद्दीनही तिथेच होता. भिंतीवर मी होतो.

"शेठ, ही बिडी पुसून टाका," किशनराव म्हणाले. "चेहरा ठिवा, काय म्हणणं न्हाई. पण बिडी पुसा."

शेठ हसले. "अहो, बसा तर खरं. तुमच्यामुळे बिडी चालली, बिडीमुळे तुम्ही चाललात. चार जिल्ह्यांत तुमचं तोंड माहिताय."

"त्येच म्हणून राहिलो मी. उद्या माझ्या लेकरानं बिडी तोंडात धरली, तर म्या कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू? माझं तोंड तर तुम्ही नेलंय."

शेठनी चहा मागवला. छपाईचे ठसे तयार आहेत, आता बदल करता येत नाही, असं काहीतरी सांगितलं. किशनरावांनी चहा घेतला नाही. दारापर्यंत मोहियोद्दीन त्यांच्या मागे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "किशनराव, माझ्याकडून चूक झाली. पुढच्या छपाईला मी कासरा काढून देतो. जबान देतो तुम्हाला."

पुढची छपाई झाली, त्याच्या पुढचीही झाली. मोहियोद्दीननं शेठकडे विषय काढला नाही. आणि मी? तुम्हाला वाटेल मला किशनरावांची कीव आली असेल. नाही आली. त्या दिवशी भिंतीवरून बघताना मला एकच धास्ती होती, हा माणूस माझी बिडी काढून घेतो की काय. मी मनातून शेठच्या बाजूनं होतो. याची मला आज लाज वाटते.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती. किल्लारीच्या त्या सगळ्या भागात दगड-मातीची जाड भिंताडांची घरं होती, ती झोपलेल्या माणसांवर बसली. किराणा दुकानावरचा माझा पत्राही दगडांखाली गेला. त्या अंधारात मला जे ऐकू आलं ते मी सांगणार नाही. दिवस उजाडला आणि वर पाऊस सुरू झाला.

किशनरावांचं घर दुकानाच्या पलीकडेच होतं. किशनराव, त्यांची बायको, आई आणि दोन मुलगे, एकही जिवंत निघाला नाही. धान्याच्या कोठीच्या आडोशाला त्यांची सहा वर्षांची मुलगी तेवढी सापडली. तिचं नाव शिवकन्या. घरात बैलाबरोबरचा एक फोटो होता म्हणतात, बक्षिसाच्या दिवशी काढलेला. तो त्या ढिगातच राहिला.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये ती पोर कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. "आबा कुठं हाय?" एवढंच विचारायची. गावातलेच अमृतराव म्हणून एक म्हातारे शेजारी होते. त्यांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं, वरचा कागद न फाडता हळूच सोडवला आणि तिच्या हातावर ठेवला.

"ह्यो बघ तुझा आबा. रडू नगं. हसून राहिलाय तुझ्याकडं बघून."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. किती तरी वेळ बघितलं. लाखो माणसांनी मला हाताळलं होतं, पण असं कुणी बघितलं नव्हतं. तिनं मला पहिलीच्या पुस्तकात ठेवलं. अमृतराव चांगले माणूस होते. किशनराव बिडी ओढत नव्हते हे त्यांना ठाऊक होतं, पण सहा वर्षांच्या पोरीला ते काय सांगायचं, म्हणून राहून गेलं. पुढच्याच वर्षी ते वारले.

शिवकन्या लातूरच्या एका वसतिगृहात वाढली आणि मी तिच्या पुस्तकांमधून वर्ग बदलत गेलो. नशीब बघा, एवढं मोठं माझं साम्राज्य, आणि त्यातला तो एकच कागद जपून ठेवलेला. बाकीचे सगळे गटारात, उकिरड्यावर, एसटीच्या बाकाखाली.

साम्राज्यही फार टिकलं नाही. दोन हजार चार-पाचच्या सुमारास बिडी-सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. पत्रे निघाले. कुणी ते गोठ्यावर टाकले, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकले. भिंतींवर चुना मारला आणि लातुरात त्या चुन्यावर शिकवण्यांच्या जाहिराती आल्या. 'खात्रीशीर यश', 'डॉक्टर व्हायचंय ना?' आणि खाली पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, नाव, मार्क. गावोगावची पोरं त्या फोटोंकडे बघत क्लासच्या पायऱ्या चढायची. मला ओळखीचंच वाटलं ते. दुसऱ्याचा चेहरा भिंतीवर लावायचा आणि बघणाऱ्याला म्हणायचं, तूही असा होशील. मग बंडलावर धोक्याचं चित्र आलं, सडलेल्या छातीचं. ते वाढत वाढत माझ्या मिशांपर्यंत पोचलं. शेठ वारले, मुलांनी कारखाना बंद करून जागेवर दुकानगाळे काढले. मी संपलो. फक्त शिवकन्येजवळचा कागद उरला.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा शेषेराव लातुरातच शाळेची रिक्षा चालवायचा. माहेरची म्हणून तिनं एकच वस्तू आणली, ती म्हणजे मी. शेषेरावानं मला काचेच्या चौकटीत बसवलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलं. मला हार घातला, गंध लावलं. इतकी वर्षं मी स्वतःला मोठा समजत होतो, पण माझ्यापुढे हात कुणी जोडले नव्हते. त्या दिवशी माझा ताठा पहिल्यांदा उतरला. हे हात माझ्यासाठी नव्हते, हे मला कळत होतं.

भूकंपात गेलेल्यांचं पित्र त्या भागात पितृपक्षाच्या अगदी सुरुवातीला येतं. लग्नानंतरच्या पहिल्या पित्राला शिवकन्येनं खीर केली, वडे केले, कढी केली. ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं. तिची सासू पार्वतीबाई जवळ बसली होती. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी ताटाबरोबर ठेवायची रीत आहे. कुणाला चहा ठेवतात, कुणाला पान.

"तुझ्या बापाला काय आवडायचं गं?" पार्वतीबाईनं विचारलं.

शिवकन्येनं खूप आठवून बघितलं. तिला आबांचा आवाज आठवत नव्हता, तर आवड कुठून आठवणार? तिचे डोळे भरून आले.

पार्वतीबाईनं चौकटीकडे बघितलं. "अगं येडी, रडतीस कशाला? हातातच हाय की त्यांच्या."

शेषेराव टपरीवर जाऊन बंडल घेऊन आला. शिवकन्येनं आयुष्यात पहिल्यांदा बिडी पेटवली, चुलीच्या निखाऱ्यावर धरून, ठसका लागला तरी. ती पेटती बिडी तिनं ताटाच्या कडेला ठेवली आणि हात जोडून म्हणाली, "घ्या आबा."

मी ओरडलो. खरंच ओरडलो. नाही, नाही, हा माणूस बिडीला शिवत नव्हता, हा माणूस नांदेडपर्यंत आला होता तिला पुसायला! पण चित्राचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? धूर माझ्या काचेवर चढला आणि तिला वाटलं, आबांनी घेतली.

मग दर वर्षी हेच. जन्मभर ज्यानं बिडीला नाही म्हटलं, त्याला मेल्यावर त्याच्या लेकीच्या हातून बिडी. आणि एकच बिडी ताटाला लागायची, बाकीचं बंडल तसंच माझ्या चौकटीमागे खोचलेलं राहायचं. देवाधर्माची वस्तू, टाकायची कशी?

त्यांना एकच मुलगा झाला, बालाजी. पोराला बाळदमा होता. पावसाळ्यात शिवकन्या त्याला रात्र रात्र छातीशी धरून बसायची. पुढे ते बरं झालं. तोवर आजूबाजूला शिकवण्यांचं जंगल उभं राहिलं होतं. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून पोरं येऊन खोल्या करून राहायची. शिवकन्येनं घरातच मेस सुरू केली. सकाळी चाळीस डबे, संध्याकाळी चाळीस पोरं जेवायला. बालाजीनंही बारावी केली, डॉक्टरकीची परीक्षा दिली, थोडक्यात हुकली, म्हणून पुन्हा क्लास लावला. त्याच्या आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोराला तो हात फार जड गेला असावा.

तो अभ्यासाला माझ्यासमोरच बसायचा. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं, उठला, माझ्याकडे बघितलं. मग चौकटीमागे हात घातला आणि बंडल काढलं. पहिली बिडी त्यानं माझ्या डोळ्यांदेखत ओढली. खोकला, डोळे पुसले, आणि माझ्याकडे बघून हसला. जणू आजोबा-नातवाचं काही गुपित जमलं होतं. आयुष्यभर मी लोकांना हेच करायला हसून सांगत आलो होतो. त्या दुपारी पहिल्यांदा मला माझं हसू तोंडावरून काढून टाकावंसं वाटलं. ते निघत नाही. छापलेलं आहे.

दोन-तीन महिन्यांनी पित्राच्या आदल्या दिवशी शिवकन्येनं चौकट पुसायला घेतली. बंडल रिकामं निघालं. तिनं बालाजीला समोर उभं केलं.

"तुझी छाती कशी हाय ठाव हाय ना तुला? लहानपणी तुला म्या कसं जगवलंय!"

"आई, सगळीच पोरं वढतात. टेन्शन असतंय."

"सगळ्यांचं नगं सांगू. तू वढायची न्हाई."

"आजोबा वढायचेच की." बालाजी चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला. "त्यांना तर तू दर वर्षी सोता पेटवून देतीस. ते वढायचे ते चांगलं, अन् मी वढली तर वाईट?"

शिवकन्येनं रिकामं बंडल खाली टाकलं. ती माझ्याकडे बघत राहिली. किशनराव ज्याला भ्याले होते तेच अखेर झालं होतं, फक्त त्यांच्या लेकरापुढे नाही, लेकराच्या लेकरापुढे.

दुसऱ्या दिवशी पित्राचं ताट वाढलेलं होतं, नवं बंडल आणून बिडी पेटवलेली होती. तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. मेसमध्ये जेवणारी अर्शिया नावाची नांदेडची मुलगी तापानं आजारी होती, तिला न्यायला तिचे आजोबा आले होते. शिवकन्येनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांची नजर भिंतीवर गेली आणि हातातला तांब्या तसाच राहिला.

सत्त्याहत्तर वर्षांचं झालेलं ते तोंड मी लगेच ओळखलं. मला काढणारा हात कसा विसरेन? आता तो थरथरत होता.

"बेटी," मोहियोद्दीननं विचारलं, "हे तुमचे कोण?"

"माझे वडील. भूकंपात गेले."

"आणि ही बिडी कशासाठी?"

"त्यांना आवडायची ना."

मोहियोद्दीननं ताटाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तो पाणी पिऊन, नातीला घेऊन निघून गेला असता तर कुणाला काही कळलं नसतं. एकदा तो असाच गप्प राहिला होता. पण या वेळी त्यानं तांब्या खाली ठेवला.

"बेटी, हे चित्र मी काढलंय. किशनराव बिडी ओढत नव्हते. कधीच नाही. त्यांच्या हातात कासरा होता. बिडी मी घातली, शेठच्या सांगण्यावरून. ते ती पुसा म्हणून सांगायला आले होते. मी जबान दिली होती त्यांना, आणि पाळली नाही."

त्यानं सगळं सांगितलं. देवणीचा बैल, नवा फेटा, न घेतलेला चहा, आणि 'कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू' हे वाक्यही, जसंच्या तसं. बालाजी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

 शिवकन्येनं ताटाकडची बिडी उचलली, हातानंच चुरगाळून विझवली. बोट भाजलं तरी तिला कळलं नाही.

"अठरा वर्षं," ती म्हणाली. "अठरा वर्षं म्या माझ्या बापाला बिड्या पाजल्या. चाचा, तुम्हाला एवढं सगळं काढता आलं, अन् एवढी बिडी पुसता आली न्हाई?"

 मोहियोद्दीननं फक्त ब्लेड मागितलं. चौकट उतरवून काच काढली, मला जमिनीवर पसरलं. माझ्या हातातली बिडी तांदळाच्या दाण्याएवढी होती. तो ती खरवडत राहिला. कागद जुना, जागोजाग विरलेला. बिडी गेली, धूर गेला, आणि माझ्या दोन बोटांमध्ये पांढरा ओरखडा उरला. त्यानं तिथे कासरा काढायचा प्रयत्न केला, पण पेन्सिल कागदावर स्थिर राहीना. दोनदा, तीनदा. शेवटी त्यानं पेन्सिल ठेवून दिली. "आता येत नाही, बेटी," तो म्हणाला आणि रडला.

त्यानंतर बालाजीनं बिडी सोडली का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरात तरी त्यानं ओढलेली मी बघितली नाही. माझ्याकडे बघून तो आता हसत नाही. मान खाली घालून अभ्यास करतो. कधी कधी मात्र वर बघतो, माझ्या रिकाम्या हाताकडे, आणि विचारात पडतो. मोहियोद्दीन यंदाच्या उन्हाळ्यात वारला. अर्शियानं येऊन सांगितलं तेव्हा शिवकन्येनं त्या संध्याकाळी मेसला सुट्टी दिली.

बिडीशिवाय मी मिशीवाला छाप उरलो नाही. माझ्या नावाचा माल नाही, पाटी नाही, नक्कल करणारं पोरगं नाही. याचं मला दुःख नाही. जितक्या छात्या मी पोखरल्या त्या मानानं माझा शेवट फारच मऊ झाला. सल एकाच गोष्टीचा आहे.

यंदाचं पित्र आलं. शिवकन्येनं खीर, वडे, कढी केली, ताट माझ्यासमोर ठेवलं. ताटाच्या कडेला, जिथे बिडी असायची, ती जागा मोकळी होती. तिनं हात जोडले आणि बारीक आवाजात विचारलं, "आबा, तुम्हाला काय आवडायचं? काय ठिवू मी?" तिच्याजवळ सांगणारं कुणी नाही. आई नाही, आजी नाही, अमृतराव नाहीत, पेंटरचाचा नाही.

मला ठाऊक आहे. देवणीच्या त्या खोलीत दुपारी मोहियोद्दीन नमाजाला गेला होता. मी अर्धा रंगलेला होतो आणि किशनराव एकटेच बाजेवर बसले होते. येळवस, म्हणजे शेतात जेवण घालायची वेळ अमावास्या, होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, त्यातून एक शिळा उंडा, म्हणजे बाजरीच्या पिठाचा उकडलेला गोळा, काढला आणि गुळाच्या खड्याबरोबर डोळे मिटून खाल्ला. मग माझ्या ओल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "ताजं मला गोड लागत न्हाई गड्या. उंडा शिळाच पायजे."

हातातली बिडी गेली तेव्हापासून मी हे शिवकन्येला रोज सांगतो आहे. तिला ऐकू येत नाही. तुम्हाला येतंय, म्हणून एवढा वेळ बसवून घेतलं. लातूरला कधी गेलात, तर शिकवण्यांच्या गल्लीत तिची मेस विचारा, कुणीही दाखवेल. जेवायला बसा, आणि ती भाकरी वाढायला आली की तिला सांगा, तुझ्या आबांना शिळा उंडा आवडायचा, गुळाबरोबर.